पगार टिकेल हो ताई, पण प्लॉट विकायचा का?

या वेळचं पत्र इंदूरच्या राजेंद्रनगरमधून आलंय. नाव छापू नका अशी विनंती आहे. पत्र मोठं होतं, थोडं कापून देते.

"आमचा एकुलता एक मुलगा ३४ वर्षांचा आहे. लहानपणी बिजासनच्या टेकडीवर नेला की देवीपेक्षा विमानांकडेच जास्त बघायचा. आता टेक्सासमध्ये असतो, सून तिथली नागरिक. आधी एका छोट्या विमान कंपनीत होता. दोन वर्षांपासून खासगी जेटचे हिस्से विकणाऱ्या कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. सात दिवस काम, सात दिवस घरी. गेल्या वर्षी १ लाख ६८ हजार डॉलर मिळाले म्हणतो. त्याला नऊ लाख डॉलरचं घर घ्यायचंय, आणि सुरुवातीचे दोन लाख आम्ही एरोड्रम रोडचा प्लॉट विकून द्यावेत असं त्याचं म्हणणं. तो प्लॉट माझ्या सासऱ्यांनी १९८३ मध्ये घेतला होता, कागद अजून त्यांच्याच नावावर आहेत. सासू-सासरे दोघंही आता नाहीत. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले. ते म्हणतात, चार धनाढ्यांच्या लहरीवर चालणारा धंदा, ड्रायव्हरला एवढा पगार किती दिवस देणार? 'ड्रायव्हर' म्हटल्यावरून मुलगा चिडला आणि दिवाळीपासून बापलेकांचं बोलणं बंद आहे. सून सध्या घरी असते, नात आठ महिन्यांची. देवासची नणंदसुद्धा म्हणते की पोरगा मागतोय तर द्या. पगाराची स्लिप सोबत पाठवते. हा पगार खरंच टिकणारा आहे का? आणि प्लॉट विकावा का?"

ताई, नवरा आणि मुलगा दोघेही बरोबर बोलताहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. मुलगा पगाराच्या आकड्याबद्दल बोलतोय आणि तो आकडा टिकेल असंच मलाही वाटतं. तुमचे हे धंद्याच्या भरवशाबद्दल बोलताहेत, आणि तिथं त्यांच्या बँकेतल्या नाकाला बरोबर वास आलाय. पगार कमी होण्याची भीती फारशी नाही. अधेमधे वर्ष-दोन वर्षं पगारच न येण्याची मात्र आहे. या दोन भीती वेगळ्या, आणि घराचं कर्ज काढताना दुसरीचा हिशेब करावा लागतो.

आधी धंदा समजून घेऊ, कारण "धनाढ्यांची लहर" एवढ्यावर तो चालत नाही. रिचर्ड सँटुली नावाचा गणिताचा माणूस, आधी गोल्डमन सॅक्समध्ये होता. त्यानं १९८४ मध्ये एक जेट कंपनी विकत घेतली आणि १९८६ मध्ये विमानाचे हिस्से विकायला सुरुवात केली. तीच नेटजेट्स. १९९८ मध्ये वॉरन बफेटच्या बर्कशायर हॅथवेनं ती ७२.५ कोटी डॉलरना घेतली. व्यवस्था आपल्या हाउसिंग सोसायटीसारखीच: फ्लॅटचे पैसे एकदा द्यायचे, मेंटेनन्स दरमहा द्यायचा, आणि क्लबहाउस वापरलं तर त्याचे वेगळे. इथं विमानाचा हिस्सा आधी विकत घ्यायचा, मग महिन्याची मॅनेजमेंट फी, आणि उडाल त्या प्रत्येक तासाचे पैसे निराळे. सोळावा हिस्सा घेतला की वर्षाला ५० तास मिळतात, आठवा घेतला की १००. म्हणजे एक विमान वर्षाला ८०० तास मालकांना घेऊन उडणार, या गृहीतकावर सगळा डोलारा उभा आहे.

मालकाला काय विकलं जातं हे नीट बघा. सोळावा हिस्सा घेणाऱ्याला "माझं विमान" असं काही मिळत नाही. मिळतं ते वचन: काही तास आधी फोन केलात की तुमच्या जवळच्या विमानतळावर त्याच जातीचं विमान दोन पायलटांसह उभं असेल. ते तुमच्या हिश्श्याचंच असेल असंही नाही, ताफ्यातलं कुठलंही येतं. आता विमान हजर आहे आणि पायलट नाही, तर वचन तिथंच मोडलं. माझी निम्मी नोकरी एका विमान कंपनीच्या रोस्टर विभागात, म्हणजे क्रूच्या पाळ्या लावण्यात गेली, त्यामुळे हे मी जरा ठासून सांगते. विमान बंद पडलं तर प्रवासी कुरकुरत का होईना समजून घेतो. "क्रू नाही" हे त्याला कधीच पटत नाही. इथं तर तो प्रवासी नुसता प्रवासी नाही, विमानाचा हिस्सेदार आहे.

आता तुमच्या ह्यांना आवडेल असा हिशेब करू. आकडे माझे आहेत आणि सोयीसाठी गोल केलेत, त्यांना बोट दाखवून कुणाशी वाद घालू नका. एका जेटला दोन पायलट लागतात. सात दिवस काम, सात दिवस सुटी म्हणजे झाले चार. रजा, आजारपण आणि सिम्युलेटरचं ट्रेनिंग धरलं की विमानामागे पाचेक माणसं पदरी बाळगावी लागतात. पगार, विमा, पेन्शनचा वाटा, ट्रेनिंग, हॉटेलं असं सगळं मिळून एका पायलटवर वर्षाला अडीच लाख डॉलर खर्च धरा. पाचांचे झाले साडेबारा लाख. भागिले ८०० तास, म्हणजे तासाला पंधराशे-सोळाशे डॉलर. उद्या पायलटांना सरसकट २० टक्के वाढ दिली तर तासामागे तीनशे-सव्वातीनशे डॉलर वाढतील. ५० तासवाल्या मालकाला वर्षाला पंधरा-सोळा हजारांचा फटका. ज्यानं नुसता हिस्सा घ्यायला काही लाख डॉलर मोजलेत, शिवाय महिन्याची फी भरतोय, तो एवढ्यासाठी विमान सोडून विमानतळावरच्या रांगेत उभा राहणार नाही. कुरकुर करेल, त्याचा वकील दोन पत्रं पाठवेल आणि चेक वटेल. करारातच मॅनेजमेंट फी दरवर्षी महागाईप्रमाणे वाढवायची सोय असते. म्हणून म्हणते, "ड्रायव्हरला एवढा पगार परवडणार कसा" या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. मालकाच्या एकूण बिलात तो पगार मोठा तुकडाच नाही.

शिवाय हा पगार खासगी जेटवाले मनाने ठरवत नाहीत. तो ठरतो मोठ्या एअरलाइनांत. २००९ च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. छोट्या कंपन्यांत सहवैमानिक किती तुटपुंज्या पगारावर आणि किती कमी झोपेवर उडतात, ते त्या चौकशीत जगजाहीर झालं. त्यातून २०१३ मध्ये नियम आला: तिथल्या प्रवासी एअरलाइनमध्ये सहवैमानिक व्हायलाही साधारण १५०० तासांचा अनुभव हवा. आपल्याकडे कमर्शियल लायसन्स २०० तासांवर मिळतं, त्याच्याशी ताडून बघा. नव्यांचा नळ असा बारीक झाला आणि दुसरीकडे ६५ वर्षांच्या सक्तीच्या निवृत्तीनं जुने लोक बाहेर पडत राहिले. कोविडनंतर प्रवासी परतले तेव्हा पायलट कमी पडले. २०२३ मध्ये डेल्टानं चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार केला, मागोमाग युनायटेड आणि अमेरिकन एअरलाइन्सलाही तसा करावा लागला. मग खासगी जेटवाल्यांची माणसं तिकडे पळू लागली. त्यांनाही हात ढिला सोडावा लागला, नेटजेट्सच्या पायलटांनी २०२४ मध्ये नवा करार पदरात पाडून घेतला. माणसं टिकवायची ही धडपड कायद्यातसुद्धा दिसते. या मोठ्या खासगी जेट कंपन्यांच्या पायलटांना निवृत्तीचं वयच नव्हतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, घातलं ते ७०. एअरलाइनमधून ६५ ला घरी पाठवलेला कॅप्टन इथं अजून पाच वर्षं उडू शकतो. मुलाच्या दृष्टीनं हे चांगलंही आहे आणि वाईटही, कारण वरची खुर्ची तितकी उशिरा रिकामी होते.

तर पगाराचा दर पडायला आधी एअरलाइनचे पगार पडावे लागतील. ते करार युनियनशी झालेले असतात आणि दिवाळखोरीच्या कोर्टाबाहेर सहसा मोडत नाहीत. इथपर्यंत पोराला शंभरपैकी नव्वद मार्क.

आता ह्यांची बाजू. २००८ ची मंदी आली तेव्हा हिस्सेवाल्या जेटांच्या धंद्यात काय झालं, ते मुलानं वाचलं असेल तर तो तुम्हाला सांगत नाहीये, आणि वाचलं नसेल तर त्यानं वाचायला हवं. मालकांनी उड्डाणं कमी केली हा त्रासाचा लहान भाग. मोठा भाग करारात दडलेला असतो. मुदत संपली किंवा मालकाला बाहेर पडायचं असलं की कंपनीनं त्याचा हिस्सा बाजारभावानं परत घ्यायचा, असं वचन दिलेलं असतं. चांगल्या दिवसांत हे वचन फुकटात पडतं, कारण तोच हिस्सा दुसऱ्या दिवशी नव्या गिऱ्हाइकाला विकता येतो. मंदीत सगळेच बाहेर पडायला बघतात आणि नवं गिऱ्हाइक येत नाही. मग कंपनीच्या अंगावर विमानं साचत जातात, त्यांची किंमत रोज घसरते, आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज मात्र चालूच. तुमच्या ह्यांनी बँकेत असताना असे बिल्डर पाहिले असतील.

नेटजेट्सला २००९ मध्ये करपूर्व ७१.१ कोटी डॉलरचा तोटा झाला. त्यात विमानांची किंमत कमी दाखवावी लागली तेही आलं. सँटुली गेला, त्याच्या जागी बर्कशायरचा डेव्हिड सोकोल आला. २०१० च्या सुरुवातीला ४९५ पायलटांना फर्लोवर पाठवलं, म्हणजे नोकरी कागदावर शिल्लक, पगार बंद, काम आलं की बोलवू. परत बोलवायला काही वर्षं गेली. त्या वर्षी बफेटनं भागधारकांच्या पत्रात कबूल केलं की बर्कशायरची हमी नसती तर ही कंपनी बुडाली असती, आणि घेतल्यापासूनच्या अकरा वर्षांचा गोळाबेरीज हिशेबही तोट्यातच होता. गंमत बघा, २०१० मध्ये तीच कंपनी २० कोटींहून जास्त नफ्यात आली. कंपनीला एका वर्षात सावरता आलं, कारण तिनं विमानं आणि माणसं कमी केली होती. घरी बसलेल्या ४९५ जणांना त्या नफ्याचा काय उपयोग?

आणि ही जगातली सगळ्यात मोठी, सगळ्यात श्रीमंत पाठीराख्याची कंपनी. पाठीशी असा हात नसला की काय होतं त्याची दोन उदाहरणं देते. फ्लोरिडातली अव्हांटएअर पियाजिओ जातीच्या विमानांचे हिस्से विकायची. २०१२ मध्ये तिच्या एका विमानाच्या शेपटाचा भाग गळून पडला आणि तो नसतानाही पुढची उड्डाणं झाली. नंतर ताफा तपासणीसाठी जमिनीवर बसवावा लागला. २०१३ च्या उन्हाळ्यात कंपनी बंद, दिवाळखोरी. तिथं फर्लोसुद्धा नव्हता, परत बोलवायला कंपनीच उरली नाही. दुसरी जेट इट, होंडाजेटवाली. कोविडनंतरच्या तेजीत जोरात वाढली आणि मे २०२३ मध्ये कामकाज थांबवून माणसांना घरी पाठवलं. तारीख लक्षात घ्या. मंदी नव्हती, उलट पायलटांचे पगार शिखरावर होते. छोट्या कंपनीला बुडायला मंदीची वाट बघावी लागत नाही.

एक राजकारणाचा भागही आहे, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. अमेरिकेत विमान धंद्यासाठी घेतलं तर त्याचा घसारा करातून वजा होतो. २०१७ च्या कायद्यानं पहिल्याच वर्षी शंभर टक्के वजावट दिली, २०२३ पासून ती दरवर्षी उतरत गेली, २०२५ च्या जुलैत पुन्हा शंभर टक्के झाली. पगार देणाऱ्या कंपनीला गिऱ्हाईक मिळतं त्यात करसल्लागाराचा हात मोठा असतो. अमेरिकन काँग्रेसचं मन बदललं की हिस्सेविक्रीही बदलेल.

तुमच्या मुलाच्या कंपनीचं नाव तुम्ही लिहिलंय, मी छापत नाही. ती बुडीत वाटत नाही एवढंच म्हणते. पण त्याला एक प्रश्न विचारा आणि नेमकं उत्तर घ्या: सीनिऑरिटी लिस्टमध्ये तुझा नंबर कितवा आणि तुझ्या खाली किती जण? अमेरिकेत फर्लो उलट्या क्रमानं येतो, शेवटी आलेला आधी जातो. दोन वर्षांत त्याच्या खाली जर पाच-सातशे माणसं भरती झाली असतील तर तो बराच सुरक्षित आहे. ऐंशीच असतील तर ४९५ च्या आकड्यात तो केव्हाच गेला असता. आणि सीनिऑरिटी त्या कंपनीपुरतीच असते. ही कंपनी सोडून तो दुसरीकडे गेला तर बारा वर्षांचा कॅप्टनही नव्या ठिकाणी यादीत तळाला लागतो. म्हणून "नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पायलटांची टंचाई आहे" हे त्याचं वाक्य अर्धंच खरं आहे. मिळेल, पहिल्या वर्षाच्या पगारावर.

आता ती स्लिप. फोटो तिरका आहे पण वाचता आला. १ लाख ६८ हजारांत बेस पगार १ लाख २४ हजार. ११ हजारांचा बोनस, तो एकदाच मिळालेला. उरलेले ३३ हजार "एक्स्टेंडेड डे" या ओळीत. म्हणजे सुटीच्या आठवड्यातले दिवस विकून कमावलेले. सात दिवस काम, सात दिवस घरी असं तुम्ही लिहिलंत. या ओळीवरून तरी नातीला बाबा तेवढा मिळत नाहीये. हे त्याला टोचायला सांगत नाही. पण धंदा जरा मंदावला की पहिली बंद होते ती हीच ओळ. कुणाला काढावं लागत नाही, बातमी होत नाही, युनियन ओरडत नाही. नुसतं कुणी ज्यादा दिवसासाठी फोन करत नाही. त्यामुळे घराचा हिशेब १ लाख २४ हजारांवर मांडायचा, १ लाख ६८ हजारांवर नाही. तिथली बँक कदाचित मोठा आकडा धरून कर्ज देईल. ती तिची जोखीम मोजते आहे, तुमच्या नातीची नव्हे.

नऊ लाखांचं घर, दोन लाख तुमचे, सात लाख कर्ज. तीस वर्षांचा साडेसहा टक्क्यांचा दर धरला तर हप्ता साधारण ४,४०० डॉलर. टेक्सासमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लोक खूश असतात, पण मालमत्ता कर घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास बसतो. म्हणजे महिन्याला आणखी १,५००. विमा धरा, ६,३०० च्या घरात गेलो. बेस पगारातून हातात येणार, माझ्या ढोबळ अंदाजानं, आठ हजार. उरलेल्या सतराशेत दोन गाड्या, बाळ, किराणा, आणि वर्षातून एकदा इंदूर? तो म्हणेल, एक्स्टेंडेड डे करीन. मग त्याला कायमच करावे लागतील, आजारी असताना, बाळ आजारी असतानासुद्धा.

त्याऐवजी साडेपाच लाखांचं घर घेतलं आणि एक लाख आधी भरले, तर सगळं मिळून महिना चार हजारांत बसतं. बेस पगाराच्या निम्म्यात. ज्यादा दिवसांचे पैसे येतील ते बाजूला टाकायचे, वर्षभराचा घरखर्च साठेपर्यंत. तेवढी गंगाजळी असली की फर्लोचं पत्र आलं तरी घर विकायला काढावं लागत नाही. मंदीत घरालाही भाव नसतो, २००९ मध्ये हे तिकडच्या कित्येक पायलटांनी एकाच वेळी दोन्ही बाजूंनी भोगलंय. शिवाय पायलटची मेडिकल, म्हणजे तब्येत ठीक असल्याचं प्रमाणपत्र, गेली की लायसन्स असून उपयोग नाही. त्याचा विमा त्याच्याकडे आहे का तेही विचारा.

"मग एअरलाइनमध्येच जा ना" असं ह्यांचं म्हणणं असेल तर तेही इतकं सोपं नाही. ३४ व्या वर्षी मोठ्या एअरलाइनच्या यादीत तळाला लागला तर ६५ पर्यंत ३१ वर्षं आहेत. शेवटच्या दहा वर्षांचा पगार तिथं निश्चितच मोठा. पण अमेरिकन एअरलाइन्सनं २००१ नंतर फर्लोवर पाठवलेल्यांपैकी काहींना परत यायला दहा वर्षांहून जास्त लागली. सुरक्षित कुणीच नाही. मला विचाराल तर एवढ्या तरुण माणसानं मोठ्या एअरलाइनचा अर्ज भरून ठेवावा, पण हा निर्णय त्याचा आणि सुनेचा. भारतात परत येण्याचं मात्र कुणी सुचवू नका. इंडिगो आणि एअर इंडियानं २०२३ मध्ये शेकड्यांनी विमानं मागवली हे खरं, पण लायसन्स बदलून घेणं, टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान चालवायची वेगळी परवानगी), पुन्हा तळापासून सुरुवात, आणि कॅप्टन झाल्यावर नोकरी सोडायला एक वर्षाची नोटीस. त्याचं घरदार तिकडे आहे.

प्लॉट विकलाच तर पैसे पाठवण्याचं गणित आधी समजून घ्या. निवासी भारतीयाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, माणशी. त्यामुळे रक्कम बसते. पण भेट म्हणून पाठवताना १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापून घेते. दोन लाख डॉलर, म्हणजे पावणेदोन कोटींच्या आसपास, एकट्या ह्यांच्या खात्यातून गेले तर तीसेक लाख रुपये रिटर्न भरून परतावा मिळेपर्यंत अडकतील. बुडत नाहीत, अडकतात. प्लॉटवरचा भांडवली नफा वेगळा. जुनी जमीन असल्यामुळे १ एप्रिल २००१ चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, आणि महागाई निर्देशांकासह २० टक्के की त्याशिवाय साडेबारा टक्के, यातलं जे कमी पडेल ते निवडता येतं. २००१ चं मूल्यांकन सरकारमान्य व्हॅल्युअरकडून करून घ्या, दलालाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. आणि मुलाला सांगा, परदेशातून वर्षात एक लाख डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली तर तिथल्या आयकर खात्याला फॉर्म ३५२० भरून कळवावं लागतं. त्यावर कर नाही, पण फॉर्म विसरला तर दंड जबर आहे.

बापलेकांच्या अबोल्याबद्दल एवढंच सांगते की "ड्रायव्हर" या शब्दाची माफी ह्यांनी मागावी. दोन आठवडे रात्री-बेरात्री अनोळखी धावपट्टीवर उतरून दाखवा म्हणावं. पण नंतर फोनवर कर्जाचा हिशेब त्यांनीच करावा. आयुष्यभर लोकांची कर्जं मंजूर केली, पोराचं तेवढं तपासायचं नाही?

आता तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात ती गोष्ट. प्लॉट सासऱ्यांच्या नावावर आहे, दोघंही गेले, मृत्युपत्राचा उल्लेख नाही. मृत्युपत्र नसेल तर त्या जमिनीवर तुमच्या ह्यांच्या इतकाच देवासच्या नणंदेचा हक्क आहे, लग्न होऊन किती वर्षं झाली याच्याशी संबंध नाही. "पोरगा मागतोय तर द्या" असं म्हणताना त्यांच्या डोक्यात हे आहे का, मला माहीत नाही. रजिस्ट्रीच्या दिवशी येईल. म्हणजे दोन लाख डॉलरचा जो आकडा मुलगा धरून बसलाय, त्यातला तुमचा कदाचित निम्माच. आधी नामांतरण, म्हणजे कागदावर वारसांची नावं, करून घ्या, नणंदेशी समोरासमोर बसून बोला. त्यांना हिस्सा सोडायचा असेल तर रीतसर हक्कत्यागपत्र नोंदवा, नसेल तर त्यांचे पैसे त्यांना मिळू द्या. उरलेल्या निम्म्यात साडेपाच लाखांच्या घराचे सुरुवातीचे एक लाख बसतात, पण तुमच्या म्हातारपणासाठी मग काही उरत नाही. म्हणून माझ्या मते पन्नास हजारांच्या वर देऊ नका, आणि तेही मुलानं वर्षभराची गंगाजळी साठवल्यावर. तोवर प्लॉटला कुंपण घालून ठेवा. एरोड्रम रोडवर मोकळी जमीन बघितली की लोक आधी गुमटी (टपरी) टाकतात आणि मग कोर्टात भेटतात.